बसलेलं मूल कसं उठवलंत? अनुभव लिहा

मागच्या मंगळवारी लेकीच्या बसण्याचा हिशोब मांडला. चौथीत आहे. व्हॅनमध्ये जाऊन-येऊन दीड तास, मधली सुटी नि पीटी वगळून शाळेत साडेचार, जेवणखाण एक, गृहपाठ दीड, टीव्ही-मोबाइल दोन. साडेदहा तास! आणि मी 'आठवड्यातून तीनदा स्केटिंगला जाते की' म्हणून निर्धास्त.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, एवढं माहीत होतं. बसून राहणं कमी करा, हे तिथेच वेगळं लिहिलंय, ते आत्ता नीट वाचलं. म्हणजे तासभर घाम गाळला म्हणून उरलेले तास माफ नाहीत. त्यात आपल्याकडे 'किती शहाणं बाळ, एका जागी बसून असतं' हे कौतुक!

तुम्ही काय केलंत, काय फसलं? पहाटे उठवून सूर्यनमस्कार घालायला लावा, छापाचे सल्ले नकोत. करून पाहिलेलं लिहा.

दळणवाली, डोंबिवली

आमच्याकडे गृहपाठाची जागाच मोडली. खोलीच्या दाराला आतून फळ्याचा काळा रंग दिला. गणितं दारावर, उभ्याने. मराठीचं वाचन पालथं पडून, पाढे गॅलरीत फेऱ्या मारत. टेबलाशी फक्त वहीत उतरवण्यापुरतं बसायचं. अक्षर बिघडेल अशी सासूबाईंना भीती होती. अक्षर आधीही वाईटच होतं. खडूची धूळ मात्र फार होते, रोज ओलं फडकं मारावं लागतं. शिवाय दर रविवारी दोघं मिळून गिरणीतून दळण आणतात. लिफ्ट बंद असली की भांडण, चालू असली की त्याहून मोठं भांडण (बटण कोणी दाबायचं).

खडू-डस्टर

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, तिसरी-चौथी एकत्र. पूर्वी मला राग यायचा, तास सुरू होऊन वीस मिनिटं झाली की 'सर, पाणी प्यायला जाऊ?' सुरू. एक गेला की मागोमाग दहा. तहान एकालाच लागलेली असते. बाकीच्यांच्या पायाला मुंग्या आलेल्या असतात. थंडीत फरशीवर सतरंजी टाकून तासभर मांडी घालून बसा, म्हणजे कळेल. मी बसून पाहिलं, चाळीस मिनिटांत उठलो.

आता वीस-पंचवीस मिनिटांनी गटच जागा बदलतात. भाषेचा गट खिडकीशी, गणिताचा फळ्याशी. व्हरांड्यात खडूने १ ते १०० चे चौकोन आखलेत. सातचा पाढा म्हणजे ७, १४, २१ वर लंगडी घालत जायचं. ज्याला पाढा येत नाही तो इतरांचे पाय बघून शिकतो, ही कॉपी मी चालवून घेतो. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी 'वर्गात शिस्त नाही' असा शेरा दिला. पाणी प्यायला जाणारे मात्र कमी झाले.

पावलं मोजून दमलेला बाप

आमचं फसलेलं लिहितो. पावलं मोजणारा पट्टा आणला, रोज दहा हजार झाली तर रविवारी पिझ्झा. चिरंजीव सोफ्यावर बसून हात हलवत राहायचे. ते पकडलं, तर पुढच्या आठवड्यात रोज बारा हजार! वडील संध्याकाळी फिरायला जातात, पट्टा त्यांच्या मनगटावर निघाला. पिझ्झ्यात आजोबांचा निम्मा वाटा ठरला होता.

ढगाळ हवामान, स्कॉटलंड

इथे बऱ्याच प्राथमिक शाळांत 'डेली माइल' असतो. २०१२ मध्ये स्टर्लिंगच्या एका शाळेत सुरू झाला. रोज १५ मिनिटं वर्गच्या वर्ग बाहेर. पळा नाहीतर चाला. शर्यत नाही, कपडे बदलणं नाही. मला आवडलं ते हेच, कारण कपडे बदलण्यातच पीटीचा अर्धा तास संपतो. भुरभुर पावसातही नेतात. मी पहिल्या आठवड्यात 'सर्दी झाली तर?' विचारून आले, बाई नुसत्या हसल्या. आई अजून व्हिडिओ कॉलवर विचारते, डोकं पुसतात का गं?

पार्किंगमधला राजा

सगळं ठीक, पण मुलांनी उठून जायचं कुठे? आमच्या सोसायटीत 'येथे खेळण्यास मनाई आहे' पाटी आहे. तरी मे महिन्यात खांबांआड डबा ऐसपैस शिकवला. चार दिवसांत कुणाच्या तरी गाडीवर ओरखडा आला आणि खेळ बंद. ओरखडा जुना होता, असं माझं आजही मत आहे.

धागाकर्ती

खडू-डस्टर, तुमचं वाचून पाण्याची बाटली अभ्यासाच्या टेबलावरून उचलून स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली. काल संध्याकाळी सात वेळा तहान लागली. मी काही बोलले नाही.