मदत हवी आहे: स्विचवर स्टॅटिक राउट (हाताने लिहून दिलेली वाट) टाकूनही अभ्यासिकेत इंटरनेट येत नाही

नमस्कार. तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाचं नेटवर्क मी सांभाळतो. वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासाला बसतात. देवघेवीचे संगणक त्यांच्यापासून वेगळे असावेत म्हणून सिस्को कॅटॅलिस्ट २९६० या स्विचवर दोन व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं) केले: क्रमांक १० कार्यालयाचा, २० अभ्यासिकेचा.

आधी स्विच 'आयपी राउटिंग' (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पॅकेट पाठवणं चालू करणारी) ही कमांडच घेत नव्हता. एसडीएम टेम्प्लेट (स्विचची मेमरी कशाला किती द्यायची ते ठरवणारी सेटिंग) 'लॅनबेस-राउटिंग' करून रीलोड केल्यावर घेतली. ते शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

आता स्विचचे पत्ते १९२.१६८.१०.१ आणि १९२.१६८.२०.१ असे आहेत. संगणकांना तेच गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार) म्हणून दिलेत. राउटर व्हीलॅन १ मध्ये १९२.१६८.१.१ वर आहे, तिथे स्विच १९२.१६८.१.२. डिफॉल्ट राउट (दुसरी वाट माहीत नसलेलं सगळं कुठे पाठवायचं ते) ०.०.०.० ०.०.०.० १९२.१६८.१.१ असा टाकलाय आणि राउटच्या टेबलात दिसतोही.

स्विचवरून इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग (उत्तर येतं का ते बघायची चाचणी) जातं. अभ्यासिकेतल्या १९२.१६८.२०.१५ वरून १९२.१६८.१.२ पर्यंत जातं, १९२.१६८.१.१ ला मात्र 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. मुलांच्या ऑनलाइन सराव परीक्षा अडल्यात. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
दादा, स्विचवर तुम्ही केलंय ते बरोबर आहे. अडचण परतीच्या वाटेची आहे. १९२.१६८.२०.१५ चं पॅकेट राउटरपर्यंत पोचतं, पण १९२.१६८.२०.० हे नेटवर्क राउटरच्या टेबलात नाही. मग तो उत्तर स्वतःच्या डिफॉल्ट राउटने बाहेर पाठवतो आणि ते तिकडेच संपतं. स्विचवरून केलेल्या पिंगवर पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असतो, तो राउटरच्या स्वतःच्याच नेटवर्कमधला, म्हणून ते चालतं. खात्री करायची तर स्विचवरून पिंग करताना सोर्स (पाठवणारा) म्हणून व्हीलॅन २० द्या, तेही अडकेल.
राउटरवर दोन स्टॅटिक राउट टाका: १९२.१६८.१०.० आणि १९२.१६८.२०.०, दोन्हींचा मास्क (नेटवर्कचा आकार सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, नेक्स्ट हॉप (पॅकेट पुढे ज्याच्याकडे द्यायचं तो पत्ता) १९२.१६८.१.२.

धागाकर्ता
सोर्स देऊन पिंग केलं, खरंच अडकलं! राउट टाकल्यावर आता मुलांच्या संगणकावरून १९२.१६८.१.१ ला पिंग जातं. ८.८.८.८ ला अजून नाही.

प्रतिसाद २
राउटरचा नॅटचा (आतल्या खाजगी पत्त्याऐवजी बाहेरचा पत्ता लावण्याचा) नियम बघा. त्यात फक्त १९२.१६८.१.० असेल तर बाकीची नेटवर्कं खाजगी पत्त्यानिशीच बाहेर पडतात आणि खाजगी पत्त्याला इंटरनेटवरून उत्तर येत नाही.

धागाकर्ता
तेच होतं. दोन्ही नेटवर्कं नियमात घातली आणि अभ्यासिकेत इंटरनेट सुरू झालं. दोघांचेही मनापासून आभार.

प्रतिसाद १
छान झालं. स्विचवर 'राइट मेमरी' (सेटिंग कायमची साठवायची कमांड) केलंत ना? नाहीतर वीज गेली की डिफॉल्ट राउट गेला.

धागाकर्ता
नव्हतं केलं. आत्ता केलं, राउटरवरही सेव्ह केलं.