पीओ (खरेदीची ऑर्डर) जुळवायचं काम आणि स्टोअरचे काका
काही जण म्हणतात की एआय आलं, आता पर्चेसवाल्याचं (खरेदी पाहणाऱ्याचं) काम संपलं, मला नाही पटत बाप्पा. मी हिंगणा एमआयडीसीत पर्चेस पाहतो, आधी पीओ, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) अन् बिल टेबलावर पसरून पेनानं टिक करत बसायचो, आता बिलाचा पीडीएफ मेलवर आला की सॉफ्टवेअरच वाचते आणि रेट-क्वांटिटीत फरक असला तेवढंच समोर ठेवते, खूप वेळ वाचते खरंच. पण मागच्या महिन्यात ६ एमएम प्लेटचा पीओ किलोत होता आणि सप्लायरनं बिल नगात पाठवलं, सॉफ्टवेअरनं १० नग म्हणजे १० किलो धरले! १२५० बाय २५००ची एकच प्लेट १४७ किलोच्या आसपास भरते ना. स्टोअरच्या काकांनी काट्याची पावती पाहून पकडलं ते. म्हणून आधी आयटम मास्टर (सॉफ्टवेअरमधली मालाची यादी) साफ करा, युनिट नीट टाका.
अजून एक, १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या टर्नओव्हरला ई-इन्व्हॉइस (जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागू आहे, त्याच्या क्यूआर कोडमधून बिल नंबर, तारीख, रक्कम थेट मिळते, पण पीओ नंबर त्यात नसतो, तो सप्लायरला बिलावर टाकायलाच लावा.