डेबियन 13 वर गेल्यापासून डोव्हकॉट सुरूच होत नाही, ऑफिसचा मेल बंद. मदत हवी आहे

उद्यमबाग_आयटी

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. ऑफिसातच एका जुन्या टॉवरवर डेबियन लिनक्स, मेल नेणारा-आणणारा पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स उघडून देणारा डोव्हकॉट असा मेल सर्व्हर आहे. मेलबॉक्स पंधरा-वीस. बाहेरची सेवा घ्या असा सल्ला कृपया नको. ग्राहकांची ड्रॉइंग आवाराबाहेर ठेवायची नाहीत असं मालकांचं म्हणणं आहे, आणि तो विषय तिथं संपतो.

काल सुट्टी होती म्हणून डेबियन 12 वरून 13 वर गेलो. अपग्रेड कुरकुर न करता झालं. रीबूटनंतर मात्र डोव्हकॉट ‘फेल्ड’. सिस्टमसीटीएलनं स्टार्ट दिला की लगेच पडतो. लागोपाठ दिला तर ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ म्हणतो आणि पुढं दादच देत नाही. पोस्टफिक्स चालू दिसतोय, तरी आउटलुक आणि थंडरबर्ड दोन्हीकडून मेल जात नाही, येतही नाही. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये ‘फेटल: नो सॅसल ऑथेंटिकेशन मेकॅनिझम्स’ याच ओळीचा पाऊस आहे.

इकडं लाईट जाण्या-येण्याचा त्रास असतो म्हणून आधी डिस्कवर संशय आला. डिस्क ठीक आहे, जागा आहे, सर्टिफिकेटची मुदतही संपलेली नाही.

डिस्पॅचवाला सकाळपासून “मेल बंदिल्ल री सर” (मेल आला नाही) म्हणत दारात उभा आहे. शिरोलीच्या पार्टीकडून सुधारित ड्रॉइंग यायचंय आणि पॅटर्न शॉप त्याच्यासाठी थांबलंय. सर्व्हिस चालू कशी करायची हा पहिला प्रश्न. दुसरा, कालपासून आलेले मेल गेले की काय?

निपाणी_नेटवर्क

पोस्टफिक्सला तूर्त हात लावू नका, तो निर्दोष आहे. पासवर्ड तपासायचं काम त्यानं डोव्हकॉटकडं सोपवलेलं असतं. त्यासाठी डोव्हकॉट ‘प्रायव्हेट/ऑथ’ नावाचं सॉकेट, म्हणजे दोघांनी बोलायची खिडकी, उघडतो. डोव्हकॉटच उभा नाही तर सॉकेट कुठून येणार? तुमचा तो सॅसलचा, म्हणजे याच पासवर्ड तपासणीचा, फेटल एरर त्यातूनच येतोय.

स्टेटस कमांडवर भागवू नका, त्यात ओळी तुटलेल्या दिसतात. ‘जर्नलसीटीएल मायनस यू डोव्हकॉट’ बघा आणि ‘डोव्हकॉन्फ मायनस एन’ चालवा. जे येईल ते जसंच्या तसं इथं टाका.

कॅम्प_कट्टा

भावा, कशाला एवढं डोकं लावालायस? डोव्हकॉट पर्ज कर (सेटिंगसकट काढून टाक) आणि परत घाल. नवी कॉन्फिग येईल, सर्व्हिस चालू होईल, विषय संपला.

निपाणी_नेटवर्क

पर्ज अजिबात करू नका! सर्व्हिस चालू होईल हे खरं, पण नंतरचा गोंधळ जास्त वाईट. डेबियनची मूळ कॉन्फिग मेल ‘एमबॉक्स’ पद्धतीनं (सगळे मेल एकाच फाईलीत) ‘व्हार/मेल’मध्ये शोधते. तुमचे मेल बहुतेक मेलडिर पद्धतीनं (दर मेलची वेगळी फाईल) होम फोल्डरमध्ये असतील. म्हणजे लॉगिन होणार आणि इनबॉक्स रिकामा दिसणार. सर्व्हरवर मेल शाबूत असतात, पण आयमॅपवरचं आउटलुक सर्व्हर सांगेल तेच दाखवतं. सगळ्या ऑफिसला एकदम रिकामा इनबॉक्स दिसला तर काय होईल विचार करा. शिवाय पर्ज म्हणजे एट्सी फोल्डरमधली तुमची सेटिंगही गेली.

उद्यमबाग_आयटी

हे आलं: ‘डोव्हकॉन्फ: फेटल: एरर इन कॉन्फिगरेशन फाईल’, पुढं डोव्हकॉट डॉट कॉन्फचा पत्ता, आणि मग ‘द फर्स्ट सेटिंग मस्ट बी डोव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन’. असली सेटिंग माझ्या फाईलमध्ये कधीच नव्हती. मेलडिरच आहे, अंदाज बरोबर.

खानापूर_लिनक्स

सापडलं तर मग. डेबियन 12 मध्ये डोव्हकॉट 2.3 होता, 13 मध्ये 2.4 आहे, आणि 2.4 ला जुन्या पद्धतीची कॉन्फिग चालत नाही. डेबियनच्या रिलीज नोट्समध्ये हे लिहिलंय, पण त्या वाचायला कुणाला सवड असते? अपग्रेडच्या वेळी ‘तुमची जुनी फाईल ठेवू का’ असं विचारलं जातं, आपण सगळेच ‘ठेव’ म्हणतो, आणि एरवी तेच बरोबर असतं. नवी नमुना फाईल शेजारीच नावाच्या शेवटी ‘डिस्ट’ अशी शेपटी लावून पडलेली असेल. ती समोर ठेवा.

आता एट्सीमधल्या डोव्हकॉट फोल्डरची एक प्रत काढा आणि मूळ फाईल अशी बदला.

मुख्य फाईलची पहिलीच सेटिंग डोव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन हवी, किंमत 2.4.0. तिच्याखाली डोव्हकॉट_स्टोरेज_व्हर्जन, तेही 2.4.0. कॉमेंट वर असल्या तर चालतात.

मेल_लोकेशन ही ओळ गेली. तिच्या जागी मेल_ड्रायव्हर म्हणजे मेलडिर, आणि मेल_पाथ म्हणजे फोल्डरचा पत्ता. इथं सावकाश करा, निपाणीकर सांगतायत तो रिकाम्या इनबॉक्सचा घोळ याच दोन ओळींत होतो. पत्त्यात टक्का-यू, टक्का-डी अशी एका अक्षराची चिन्हं असतील तर तीही गेली. आता टक्का-यूच्या जागी टक्क्यापुढं महिरपी कंसात ‘युजर’ असं पूर्ण लिहायचं, आणि टक्का-डीच्या जागी कंसात ‘युजर’, उभी रेघ, ‘डोमेन’.

सर्टिफिकेटसाठी एसएसएल_सर्ट आणि एसएसएल_की ऐवजी एसएसएल_सर्व्हर_सर्ट_फाईल आणि एसएसएल_सर्व्हर_की_फाईल. पत्त्याआधी ‘पेक्षा लहान’चं चिन्ह असायचं, ते काढा. हमखास राहून जातं.

पासडीबी (पासवर्ड कुठं तपासायचा) आणि यूजरडीबी (युजरची माहिती कुठून घ्यायची) या ब्लॉकना आता नाव लागतं, लिनक्सची लॉगिन व्यवस्था पॅम वापरत असाल तर ‘पासडीबी पॅम’ असं. डिसेबल_प्लेनटेक्स्ट_ऑथ ‘येस’ असेल तर त्याऐवजी ऑथ_अलाऊ_क्लिअरटेक्स्ट ‘नो’. अर्थ उलटा आहे, नुसतं नाव बदलून ‘येस’ ठेवलंत तर पासवर्ड उघड्यावर जायची वाट मोकळी कराल.

पोस्टफिक्ससाठीचा ऑथ सॉकेटचा ब्लॉक आहे तसा ठेवा.

प्रत्येक बदलानंतर डोव्हकॉन्फ चालवा. तो पहिल्या चुकीपाशीच थांबतो, त्यामुळं एक मिटली की दुसरी उगवते. घाबरू नका, ओळ नंबर पुढं सरकतोय म्हणजे काम होतंय. पूर्ण कॉन्फिग विनातक्रार छापली की सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड द्या आणि मग स्टार्ट. आधी एकाच मेलबॉक्सवर लॉगिन करून जुने मेल दिसतात का बघा. तोवर बाकीच्यांचं आउटलुक बंद ठेवायला सांगा.

मेल गेले का? बहुतेक नाहीत. पाठवणाऱ्याचा सर्व्हर जोडणी लागली नाही म्हणून लगेच हात झटकत नाही, चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्सची स्वतःची मुदतही मुळात 5 दिवसांचीच. तुमच्याकडं येऊन अडकलेले मेल ‘मेलक्यू’ या कमांडनं दिसणाऱ्या रांगेत असतील.

कॅम्प_कट्टा

बरं झालं माझं ऐकलं नाहीस 😄

उद्यमबाग_आयटी

ताई, चालू झालं! घोडं शेवटी यूजरडीबीच्या ब्लॉकवर अडलं होतं, नमुना फाईल बघून सुटलं. जुने मेल सगळे जागेवर. ‘पोस्टक्यू मायनस एफ’ देऊन आपल्याकडची रांग सोडली. पण शिरोलीचं ड्रॉइंग अजून नाही, मेलक्यूमध्येही नव्हतं. आणि सप्लायरचे मेल वेगळ्या फोल्डरला टाकणारे सीव्हचे (डोव्हकॉटमधल्या मेल-गाळणीचे) नियम बंद पडलेत.

खानापूर_लिनक्स

ड्रॉइंग त्यांच्या रांगेत असणार. तिला आपण इथून ढकलू शकत नाही. त्यांच्याकडंही पोस्टफिक्स असेल तर दोन प्रयत्नांत मुळात जास्तीत जास्त 4000 सेकंद जातात, म्हणजे तासाभराच्या थोडं वर. पॅटर्न शॉप थांबलंय तर फोन करून परत पाठवायला सांगा. सॅसल चालू करायची ओळ तुमच्या पोस्टफिक्सच्या मेन डॉट सीएफ फाईलमध्ये असणार. त्यामुळेच डोव्हकॉट पडल्यावर 25 नंबरच्या पोर्टवर येणारे मेलही अडले. सवडीनं ती मास्टर डॉट सीएफमध्ये फक्त सबमिशनखाली, म्हणजे आपल्या लोकांनी मेल पाठवायच्या सेवेखाली, हलवा. मग पुढच्या वेळी निदान बाहेरचे मेल आत येऊन रांगेत थांबतील.

सीव्हचं असं, की ‘प्लगिन’ नावाचा ब्लॉकच 2.4 मध्ये राहिला नाही. ‘सीव्ह_स्क्रिप्ट पर्सनल’ असा नवा ब्लॉक करा, त्यात पाथ आणि अॅक्टिव्ह_पाथ द्या. एलएमटीपीच्या (मेल मेलबॉक्सात पोचवणाऱ्या सेवेच्या) ब्लॉकमध्ये मेल_प्लगिन्स आता महिरपी कंसात, ‘सीव्ह’ बरोबर ‘येस’. जुनी डॉलरवाली ओळ काढून टाका.

उद्यमबाग_आयटी

सीव्ह चालू. पार्टीनं ड्रॉइंग परत पाठवलं, आणि पाठोपाठ पहिलंही आलं. आता डिस्पॅचवाला विचारतोय यातलं खरं कुठलं.