गुरांपुरता उरलेला लेप्टोस्पायरा: जनुके गमावणे हे अनुकूलन की ऱ्हास?

परळकर (धागाकर्ता):
एखादा जिवाणू एकाच प्राण्यावर विसंबून राहू लागला की तो जनुके गमावतो, आणि हे गमावणे हाच त्या प्राण्याशी जुळवून घेण्याचा मार्ग असतो, असे माझे मत आहे. लेप्टोस्पायरा इंटरोगन्स ही जात उंदरांच्या मूत्रपिंडात राहते, त्यांच्या लघवीवाटे बाहेर पडते आणि पाण्यात व ओल्या चिखलात तग धरते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टो (या जिवाणूंमुळे होणारा ताप) पसरला त्यामागे तिचा हाच गुण होता. तिच्या जनुकसंचात सुमारे ४६ ते ४७ लाख बेसजोड्या, म्हणजे डीएनएची अक्षरे, आहेत. लेप्टोस्पायरा बोर्गपीटरसेनाय या जातीचा, गुरांत आढळणारा हार्जो प्रकार मात्र सुमारे ३९ लाखांवर आला आहे. २००६ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा दिसले की, बाहेरच्या परिस्थितीची चाहूल घेणारी आणि पोषकद्रव्ये आत आणणारी जनुके त्याने प्रामुख्याने टाकली आहेत. तो पाण्यात फारसा टिकत नाही, एका जनावराकडून दुसऱ्याकडे थेट जातो. म्हणून पालिकेने उंदीर आणि साचलेले पाणी यांवरच खर्च करावा. तबेल्यांचे नमुने तपासत बसू नये.

दादरची प्राध्यापिका:
'टाकली' हे क्रियापद मला मान्य नाही, कारण त्यात फायदा गृहीत धरला आहे. थोडेच जिवाणू नव्या प्राण्यात शिरले आणि तिथेच कोंडले गेले, तर नैसर्गिक निवडीची पकड ढिली होते आणि किंचित हानिकारक बदलही टिकून राहतात. कुष्ठरोगाचा जिवाणू पाहा. २००१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा सुमारे १६०० कार्यरत जनुकांच्या जोडीला ११०० हून अधिक निकामी जनुके आढळली. गमावणे फायद्याचे असते, तर एवढा मोडका पसारा त्याने अजून का बाळगला असता? हा ऱ्हास आहे, आणि एकाच यजमानात (ज्यावर जिवाणू जगतो त्या प्राण्यात) राहणे हे त्याचे कारण आहे. तुम्ही कार्यकारणभाव उलटा लावत आहात.

परळकर:
मॅडम, कुष्ठरोगापुरते आपले म्हणणे वजनदार आहे, पण प्लेगचा जिवाणू त्यात बसत नाही. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत शिरलेला हा जिवाणू मुळात आतड्यात राहणाऱ्या यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिसपासून निघाला. त्या पूर्वजाकडे युरिएज हे विकर (एन्झाइम) आहे आणि ते प्लेग पसरवणाऱ्या पिसवांना विषारी ठरते. प्लेगच्या जिवाणूत युरिएजच्या एका जनुकात एक जादा अक्षर घुसले आणि विकर बंद पडले. प्रयोगशाळेत ते जनुक दुरुस्त करून पिसवांना जिवाणू पाजले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच पिसवा मेल्या. दुरुस्त केल्यावर नुकसान होते, याचा अर्थ बिघाड उपयोगाचा होता.

दादरची प्राध्यापिका:
त्या जनुकापुरते मान्य. परंतु प्लेगच्या जिवाणूत निकामी जनुके सुमारे दीडशे आहेत आणि अशी दुरुस्तीची कसोटी त्यांतल्या मोजक्यांनाच लावली गेली आहे. शिवाय पिसवेच्या पोटात जगण्यासाठी लागणारे 'वायएमटी' हे जनुक त्याने बाहेरून मिळवले आहे. कांस्ययुगातील मानवी अवशेषांत सापडलेल्या सर्वांत जुन्या प्लेग-जिवाणूंत ते नव्हते. ती कमाई तुमच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

गोरेगावचा पशुवैद्य:
तुमचा वाद तात्त्विक आहे, पण परळकरांच्या पहिल्या पोस्टमधील शेवटच्या वाक्याचा परिणाम तबेल्यातल्या माणसांवर होतो, म्हणून लिहितो. जिवाणू पाण्यात टिकत नाही याचा अर्थ तो माणसाला सोडतो असा होत नाही. दूध काढणारा माणूस म्हशीच्या मागच्या पायांशी उकिडवा बसलेला असतो. ती मुतली की फरशीवरून उडालेले शिंतोडे त्याच्या तोंडावर, डोळ्यांत आणि हातांवरच्या चिरांवर येतात. जिवाणूला एवढा रस्ता पुरतो. न्यूझीलंडमध्ये हार्जोची लागण दूध काढणाऱ्यांना होते हे फार जुने निरीक्षण आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. हार्जो हा प्रकार प्रतिपिंडांच्या चाचणीवरून ठरवला जातो आणि त्याखाली दोन वेगळ्या जाती येतात: एक तुम्ही सांगितलेली बोर्गपीटरसेनाय, आणि दुसरी इंटरोगन्सच, म्हणजे जनुकसंच न आटलेली जात. रक्ताच्या नमुन्यावर होणाऱ्या नेहमीच्या चाचणीत जनावर 'हार्जो पॉझिटिव्ह' आले, तर त्या दोघींपैकी कोणती हे कळत नाही. मग पावसाळ्यात तबेल्याचे पाणी नाल्यात जाते तेव्हा धोका किती, हे कशावरून ठरवणार?

परळकर:
डॉक्टर, तबेले वगळण्याची सूचना मी मागे घेतो. जनुके गमावण्याबद्दलचे मत मात्र कायम आहे. मग लघवीच्या नमुन्यांतून थेट जिवाणूचा डीएनए तपासावा लागेल ना?

गोरेगावचा पशुवैद्य:
होय, आणि तोही उंदीर, म्हशी व रुग्ण यांचे नमुने एकाच भागातून, एकाच पावसाळ्यात घेऊन. जनावर वरून धडधाकट दिसते आणि मधूनमधूनच जिवाणू टाकते, त्यामुळे एकदा नमुना घेऊन भागणार नाही.