अनुभव धागा : वाईट दिवसांत मुलं माया कशी शिकतात?

सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यात सीना नदीच्या पुरानं माढा, मोहोळ भागातली गावं वेढली, तेव्हा माझ्या सहा वर्षांच्या भाचीनं विचारलं, "त्यांची शाळा आता कुठं भरणार?" मला उत्तर सुचलं नाही. पूर, आजारपण, मोबाइलवरचं विखारी बोलणं, सगळं पोरांच्या कानावर पडतं. तुमच्या घरात, वर्गात अशा वेळी काय घडलं ते लिहा. उपदेश नको. जमलं नसेल तर तेही सांगा.

जुळे सोलापूरची आई
त्याच पुराची गोष्ट. सोसायटीत कपडे गोळा होत होते, मीही कपाट उपसायला बसले. लेक म्हणाली, "आई, त्यांना काय पाहिजे ते आधी विचार की." सीनाकाठी माझी नणंद राहते. तिला फोन लावला. "वहिनी, कपड्यांचा ढीग पडलाय. घरात गुडघाभर गाळ आहे, खराटे आणि फिनेल पाठव. जनावरांना चारा नाही." आम्ही खराटे घेतले, चाऱ्यासाठी पैसे दिले. लेकीनं आत्याच्या पोरांना कितवीची पुस्तकं भिजली ते विचारून घेतलं आणि वह्यांना स्वतः कव्हरं घातली. इतकी वर्षं मी न विचारताच देत आले, हे तिच्यामुळं कळलं.

सोलापूरच्या पूर्व भागातली शिक्षिका
माझ्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारी मुलं आहेत. तेलुगू घरातला एक मुलगा नवीन आला. तो तोंड उघडला की बाकीचे त्याची नक्कल करायचे. दोनदा रागावले, उपयोग शून्य. मग फळ्यावर लिहिलं : पाणी, पानी, नीरु, नीळ्ळु. "तहान लागली तर कोण काय मागेल?" त्या दिवशी वर्गाला 'नीळ्ळु' म्हणायला त्यानंच शिकवलं. नक्कल लगेच थांबली नाही, महिना गेला. पण आता त्याला बरं वाटत नसलं की शेजारचा पोरगाच मला येऊन सांगतो.

एक आजोबा
नातू अकरा वर्षांचा. मोबाइलवर कायबाय बघून शेजारच्या मुसलमान मित्राशी खेळणं बंद केलं. मी त्याला सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चारही नावं त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात या चौघांना एकाच दिवशी फाशी दिलं, हे सांगितलं. तो गप्पच होता. वाटलं, वाया गेलं. आठवड्यानं संध्याकाळी बॅट घेऊन निघाला. विचारलं, कुठं? म्हणाला, "त्याच्याकडं." मी पुढं काही विचारलं नाही.

बार्शीहून
परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटायचं ठरवलं. मुलाला हे सांगितलं, तर तो वही काढून भागाकार करायला बसला. प्रत्येकी पंचावन्न हजारांवर. मग म्हणाला, "पण ते तर हरलेले ना?" त्यावर आमचं रात्री उशिरापर्यंत बोलणं चाललं. अजून त्याला पटलंय असं नाही, पण अधूनमधून तो विषय तोच काढतो.

विडी कामगार आई
लॉकडाऊनमध्ये विड्यांचं काम बंद, त्यात माझे मालक, म्हणजे नवरा, आजारी. शेजारच्या काकू रोज दाराबाहेर डबा ठेवायच्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चौदा दिवस. मालक बरे झाल्यावर डबा घासून परत द्यायला निघाले, तर सात वर्षांचा पोरगा आडवा आला. "आई, रिकामा देत नाहीत, तूच म्हणतीस." घरात द्यायजोगं काहीच नव्हतं, मला रडू फुटलं. त्यानं साखरेचा डबा पालथा केला, तळाशी चिकटलेली खरवडून काढली, आणि तेवढी घालून झाकण लावलं.