ज्येष्ठांच्या गटात छोट्या कविता: सुरुवात कशी करावी?

अंगणवेल
आमच्या ज्येष्ठांच्या गटात आठवड्यातून एकदा कविता लिहून बघायचं ठरलंय. शाळा सुटल्यापासून बहुतेकांनी कवितेची एक ओळही लिहिलेली नाही. चारोळी नको, यमक जुळवण्यातच जीव जातो, असं काहींचं म्हणणं. हायकू, म्हणजे ती तीन ओळींची जपानी कविता, जमेल का? आणखी एक अडचण आहे. एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी एकदा मत दिलं, की मग बाकीचे तोंडच उघडत नाहीत. कुणाला न दुखावता हे कसं चालवायचं?

शाईचा डाग
ताई, हायकूच घ्या. असा गट मी बरीच वर्षं चालवतेय. माझं पहिलं सांगणं: कागदावर नाव नको. जपानमध्ये हायकू लिहिणाऱ्यांच्या बैठकीला कुकाई म्हणतात. तिथे सगळ्यांच्या निनावी चिठ्ठ्या एकत्र मिसळतात. मग प्रत्येक जण हाती आलेल्या चिठ्ठ्या आपल्या अक्षरात उतरवून काढतो, म्हणजे हस्ताक्षरावरूनही माणूस ओळखू येत नाही. त्यातून जो तो आवडलेले हायकू निवडतो, ते मोठ्याने वाचले जातात आणि त्यानंतरच कवी आपलं नाव सांगतो. मास्तर बोलू देत की खुशाल! कविता कुणाची हे त्यांनाही ठाऊक नसेल आणि त्यांची स्वतःचीही त्याच ढिगात असेल.

दुसरं म्हणजे खोडायला शिकवा. आपल्या वयाच्या माणसांकडे सांगण्यासारखं खूप असतं आणि ते सगळं तीन ओळींत कोंबायचा मोह होतो. आमच्या एका काकूंनी लिहिलं होतं:

गोळ्यांचा डबा
सोमवारचा कप्पा
भरलेलाच

खाली चौथी ओळ होती, ‘माणूस जातो, वस्तू राहतात’. ती खोडा म्हटल्यावर काकूंना वाईट वाटलं. मग दोघांनी ती कविता वाचून दाखवली, एकाने चौथ्या ओळीसकट, दुसऱ्याने तिच्याशिवाय. काकूंनी स्वतःच पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. मी कितीही समजावलं असतं तरी हे झालं नसतं. म्हणून प्रत्येक कविता मोठ्याने वाचाच, आणि तीही दुसऱ्याच्या तोंडून.

पैलतीर
हायकूच्या तीन ओळींत ५-७-५ अक्षरं हवीत, याचा फार धाक घालू नका. जपानी मोजणी आपल्या अक्षरांशी तंतोतंत जुळत नाही. मोजायचंच तर जोडाक्षर एक धरा. ज्यांच्या कानात अभंग आहेत त्यांना मोजणी शिकवावीच लागत नाही, मोठ्या अभंगाचे ६-६-६-४ त्यांच्या अंगात मुरलेले असतात. हात थरथरतो म्हणून कुणी मागे राहत असेल तर जोड्या लावा, एकाने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. लिहिणाऱ्याने स्वतःचा शब्द मात्र घुसवायचा नाही.

अंगणवेल
चिठ्ठ्यांची कल्पना फारच आवडली. पण ज्यांना एकट्याने सुचतच नाही त्यांचं काय?

शाईचा डाग
त्यांच्यासाठी साखळी. एकाने ५-७-५ लिहायचं, पुढच्याने त्याला ७-७ जोडायचं, त्यापुढच्याने पुन्हा ५-७-५. याला रेंगा म्हणतात आणि हायकू मुळात याच साखळीची पहिली कडी. जपानी कवी बाशोच्या काळात ३६ कड्यांची साखळी आवडीने रचली जायची. तुम्ही सहा-सात कड्यांवर थांबा. एक नियम मात्र कडक पाळा: आपली कडी आधीच्या कडीशी जुळावी, पण तिच्या आधीच्या कडीकडे मागे वळू नये. नाहीतर पहिल्याने पाऊस लिहिला की शेवटपर्यंत पाऊसच पडत राहतो. न सुचणाऱ्याला दुसरी किंवा तिसरी जागा द्या. पहिली कडी मास्तरांना द्या, त्यांना आवडेल.