प्रादेशिक अस्मिता दुभंगल्या, तर देशाचीही फाळणी व्हावी का?

धागाकर्ता:
ज्या प्रदेशांना परस्परांबद्दल आपलेपणा उरलेला नाही, त्यांना बळाने एकत्र डांबण्यापेक्षा सामोपचाराने वेगळे होऊ द्यावे, असे माझे ठाम मत आहे. चेकोस्लोव्हाकियाचे १ जानेवारी १९९३ रोजी रक्तपाताविना दोन देश झाले, सामायिक मालमत्ता ढोबळमानाने लोकसंख्येनुसार दोनास एक अशी वाटली गेली, आणि आज ते दोघेही युरोपीय संघात गुण्यागोविंदाने नांदत आहेत.

प्रतिसाद १:
आपले उदाहरण खरे आहे, पण अपवादात्मक आहे. तेथील सीमा आधीच आखलेली होती आणि चेक व स्लोव्हाक यांची वस्ती फारशी सरमिसळ नव्हती. (सार्वमतही झाले नाही, क्लाउस आणि मेचियार या नेत्यांच्या वाटाघाटींत फाळणी ठरली.) बोस्नियात मात्र बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट एकाच शहरात, कित्येकदा एकाच इमारतीत राहत होते. तिथे रेषा ओढायची म्हणजे कोणाला तरी घरातून हाकलायचे, आणि १९९२ ते १९९५ या काळात नेमके तेच घडले. दक्षिण सुदानने २०११ मध्ये ९८ टक्क्यांहून अधिक मतांनी स्वातंत्र्य निवडले, तरी २०१३ च्या अखेरीस तिथे आपापसांत यादवी पेटली. नव्या देशातही अल्पसंख्याक उरतातच, त्यांनी कुठे जावे?

धागाकर्ता:
सरमिसळ वस्तीचा आपला मुद्दा मला मान्य आहे. परंतु १९७० च्या निवडणुकीत स्पष्ट बहुमत मिळवूनही पूर्व पाकिस्तानला सत्ता नाकारली गेली आणि पुढच्याच वर्षी त्याच्यावर लष्कर सोडले गेले. त्यानंतर तेथील जनतेला एकत्र राहण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा होता?

प्रतिसाद २:
तो प्रसंग अन्यायाचा होता, आणि अशा वेळी वेगळे होण्याचा हक्क मीही मानतो. प्रश्न शांत लोकशाही देशांचा आहे. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १९९५ साली वेगळे होण्याबाबत सार्वमत झाले, त्यात ५०.५८ टक्के मते विरोधात आणि ४९.४२ टक्के बाजूने पडली. एवढ्याशा फरकाने उलटा कौल लागला असता, तर निम्म्या लोकांचा देश त्यांच्या इच्छेविरुद्ध बदलला असता. म्हणूनच कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिलेले मत मला मोलाचे वाटते: प्रांताला एकतर्फी फुटता येणार नाही, मात्र स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले, तर उर्वरित देशाला वाटाघाटी नाकारता येणार नाहीत.

प्रतिसाद १:
'स्पष्ट' म्हणजे किती टक्के, हे न्यायालयाने सांगितले नाही. माझ्या मते किमान साठ टक्के असावेत, आणि सीमेवरच्या प्रत्येक गावाला स्वतंत्रपणे विचारले जावे.